सोशल वर्करची तक्रार केली तर मुलांना नेतील का?

प्रश्न : ताई, आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने शाळेत सांगितलं की बाबांनी मारलं. शाळेने कौन्सिलला, म्हणजे इथल्या स्थानिक प्रशासनाला, कळवलं आणि घरी सोशल वर्कर येऊ लागली. नवऱ्याने एक थप्पड मारली होती, ते आम्ही लपवलं नाही. पण तिचा असेसमेंट रिपोर्ट, म्हणजे आमच्या घराच्या पाहणीचा अहवाल, हातात पडल्यापासून माझी झोप उडाली आहे. मुलाला स्वतःचा पलंग नाही, असं त्यात लिहिलंय. तो हौसेने आजीजवळ झोपतो. त्याची खोली, त्याचा पलंग तिने पाहिलाच नाही. सासूबाईंशी बोलताना माझ्या तेरा वर्षांच्या मुलीलाच दुभाषी केलं आणि सासूबाईंच्या तोंडी त्या न बोललेली वाक्यं घातली. ठरलेल्या वेळी येत नाही, फोन उचलत नाही. मला रीतसर तक्रार करायची आहे, दुसरी सोशल वर्कर हवी आहे. नवरा म्हणतो, गप्प बस, चिडली तर मुलं घेऊन जाईल. काय करू?
— एक आई

उत्तर : आधी तुमच्या मिस्टरांच्या भीतीबद्दल बोलते, कारण याच भीतीपोटी आपली माणसं वर्षानुवर्षं चुकीचे कागद उरावर बाळगतात. सोशल वर्करला स्वतःच्या मर्जीने मूल नेता येत नाही. त्याला कोर्टाचा आदेश लागतो किंवा तुमची संमती. अगदी तातडीचा धोका दिसला तर पोलिसांना जास्तीत जास्त ७२ तास मूल सुरक्षित ठिकाणी ठेवता येतं. चिडून कोणी आदेश मिळवू शकत नाही, मुलाला धोका आहे हे कोर्टापुढे दाखवावं लागतं. तक्रार करणं हा धोका नव्हे. मी कौन्सिलच्या मुलांच्या विभागात नोकरी केली, तक्रारीही हाताळल्या, म्हणून हे ठामपणे सांगते. मात्र मूल दुसरीकडे ठेवण्याच्या संमतीचा कागद कोणी पुढे केला, तर वकिलाशी बोलल्याशिवाय सही करू नका.

नुकसान होतं ते वेगळ्याच गोष्टीने. ‘तक्रारीचा निकाल लागेपर्यंत हिला घरात घेणार नाही’ असं पुष्कळ पालक ठरवतात. तसं करू नका. तिला घरात घ्या, मुलाशी बोलू द्या, मीटिंगला जा. तक्रारीमुळे असेसमेंट थांबत नाही, आणि बंद दार रिपोर्टमध्ये ‘पालक सहकार्य करत नाहीत’ असं नोंदलं जातं. ते वाक्य पुसणं फार अवघड.

आणि थप्पड. तक्रारीच्या पत्रात ती झाकू नका, तिचं समर्थनही करू नका. मुलाने शाळेत सांगितलं म्हणजे त्याला ते लागलं होतं, मनालाही. यापुढे हात उगारला जाणार नाही यासाठी घरात काय बदललं, ते मिस्टरांनी स्वतः सांगावं. त्यानंतर तुमच्या बाकीच्या म्हणण्याला वजन येईल.

आता रिपोर्ट. तक्रारीच्याही आधी तो दुरुस्त करून घ्या, कारण सोशल वर्कर बदलेल, फाइल तीच राहील. नवी बाई आली तरी पहिल्या दिवशी हेच वाचून येणार. एका कागदावर परिच्छेदाचा क्रमांक, त्यातलं वाक्य, खरं काय आणि त्याचा पुरावा, असं लिहा. उदाहरणार्थ : ‘मुलाला पलंग नाही हे चूक आहे. त्याची वेगळी खोली आणि पलंग आहे, त्या दिवशी ती खोली पाहिली गेली नाही. कृपया येऊन पाहा.’ हे सोशल वर्करला आणि तिच्या टीम मॅनेजरला ईमेलने पाठवा. तिचं मत, म्हणजे ‘आई तणावात वाटली’ यासारखं काही, तुम्हाला खोडायला लावता येणार नाही. पण तुमची असहमती रिपोर्टला जोडा असं मागता येतं. सोबत स्वतःच्या नोंदींची प्रतही मागा. माहिती संरक्षण कायद्याखाली ती एका महिन्यात द्यावी लागते, गुंतागुंतीची असेल तर आणखी दोन महिने घेता येतात.

दुभाष्याचा मुद्दा मात्र मी सगळ्यात वर ठेवीन. तेरा वर्षांच्या मुलीला आपल्याच घराच्या चौकशीत मध्ये बसवणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि त्यातून निघालेली माहितीही भरवशाची नाही. व्हिक्टोरिया क्लिम्बी ही फ्रेंच बोलणारी लहान मुलगी २००० साली लंडनमध्ये छळाने मेली. लॉर्ड लॅमिंग यांचा चौकशी अहवाल २००३ मध्ये आला, त्यात दुभाष्याची शिफारस आहे. दुसऱ्या भाषेतल्या घराशी बोलताना प्रशिक्षित दुभाषी का हवा, हे सोशल वर्कच्या खात्याने फार मोठी किंमत मोजून शिकलेलं आहे. सासूबाईंशी मराठी दुभाष्यासह पुन्हा बोला, अशी लेखी मागणी करा.

एवढ्यावर भागलं नाही तर रीतसर तक्रार. प्रत्येक कौन्सिलमध्ये यासाठी कम्प्लेंट्स मॅनेजर असतो, पत्र त्याच्या नावे करा. घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत करा. ‘ती उद्धट आहे, तिला आमची संस्कृती कळत नाही’ असं लिहिलंत तर उत्तर येईल की तसं वाटल्याबद्दल खेद आहे, आणि विषय संपेल. तारीख, काय ठरलं होतं, काय झालं, मुलांवर काय परिणाम झाला, एवढंच लिहा. शेवटी काय हवं ते स्पष्ट मागा : रिपोर्टची दुरुस्ती, दुभाषी, लेखी माफी, सोशल वर्कर बदलणं. मागणी नसलेल्या तक्रारीला गुळमुळीत उत्तर मिळतं.

१९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टखालच्या पद्धतीत तीन टप्पे आहेत. पहिल्यात १० कामाच्या दिवसांत उत्तर, फार तर २०. समाधान नसेल तर दुसरा टप्पा मागा. तिथे तपास अधिकाऱ्याबरोबर कौन्सिलबाहेरची स्वतंत्र व्यक्ती असते, मुदत २५ कामाचे दिवस, वाढवून ६५ पर्यंत. तिसरा टप्पा म्हणजे रिव्ह्यू पॅनेल, तपास पुन्हा पाहणारी समिती; ते दुसऱ्या टप्प्याचं उत्तर आल्यापासून २० कामाच्या दिवसांत मागायचं. पण मुलाला गंभीर इजेचा धोका आहे का, अशी चौकशी चालू असेल तर कौन्सिल अनेकदा आपल्या साध्या तक्रार पद्धतीने जातं. म्हणून कोणती पद्धत लावताय आणि का, ते लेखी विचारा. कौन्सिलमध्ये न्याय मिळाला नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समनकडे, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे, जाता येतं, फी नाही. कोर्टाने ठरवलेल्या गोष्टीत मात्र ते पडत नाहीत.

सोशल वर्क इंग्लंडकडे लगेच धाव घेऊ नका. २०१९ च्या डिसेंबरपासून सोशल वर्करांची नोंदणी आणि व्यवसायाची पात्रता ही संस्था पाहते. जाणूनबुजून खोट्या नोंदी, अप्रामाणिकपणा, अशा गंभीर वागणुकीसाठी ते दार आहे. उशिरा येणं, फोन न उचलणं तिथे सहसा टिकत नाही, आणि तुमचा रिपोर्टही ते दुरुस्त करत नाहीत.

सोशल वर्कर बदलून मिळणं हा हक्क नाही, निर्णय मॅनेजरचा. ‘हिच्याशी जमत नाही’ यापेक्षा ‘इतक्या भेटी न कळवता रद्द झाल्या, मुलगा आता तिच्याशी बोलत नाही’ हे कारण ऐकलं जातं. पत्र पाठवण्याआधी फॅमिली राइट्स ग्रुप या संस्थेशी बोलून घ्या, ते पालकांना मोफत सल्ला देतात.

एक शक्यता मात्र वेगळी. कोर्टात जाण्याचा विचार आहे असं कळवणारं, म्हणजे प्री-प्रोसीडिंग्जचं पत्र आलं, तर तक्रार बाजूला ठेवून ते पत्र आणि तुमचा दुरुस्त्यांचा कागद घेऊन त्याच दिवशी मुलांच्या कायद्यातल्या सॉलिसिटरकडे जा. अशा पत्रानंतर आईवडिलांना त्यांची कमाई न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो.