कागल हद्दीतली गुप्त माहिती दिल्लीपर्यंत कशी जाते? मधे निपाणी पोलिसांना कोण कळवतं?

पोलीस ठाण्याचा गोपनीय अंमलदार ती कोल्हापूरच्या एसपी ऑफिसातल्या जिल्हा विशेष शाखेला देतो. तिथून ती राज्य गुप्तवार्ता विभागाकडे, आणि दहशतवादाशी संबंधित असेल तर दिल्लीच्या मल्टी एजन्सी सेंटरला, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रणांची माहिती एकत्र येते त्या केंद्राला, त्याच्याच मुंबईतल्या सहायक केंद्रामार्फत. कारगिल युद्धानंतरच्या शिफारशींवरून 2001 मध्ये सुरू झालेलं हे केंद्र आयबीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या गुप्तचर विभागाच्या, अखत्यारीत आहे. 26/11 नंतर त्याला चोवीस तास चालणारं स्वरूप दिलं गेलं. निपाणी मात्र कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात. संशयित गाडी हायवेने तिकडे निघाली असेल तर दिल्लीची वाट बघायची नसते. कोल्हापूर कंट्रोल रूमने बेळगावला थेट फोन करायचा, कागद मागाहून.

अडतं ते बहुतेक वेळा मजकुरावर. ‘संशयित हालचाल, दक्षता घ्यावी’ एवढंच आलं तर नाक्यावरचा हवालदार नेमकं काय तपासणार? गाडीचा नंबर, वेळ, दिशा हवी. खबऱ्याचं नाव गाळावं, पण तो किती भरवशाचा आणि ही खबर कितपत पडताळलेली, हे दोन वेगळे शेरे हवेतच. नाहीतर एकाच खबऱ्याची गोष्ट दोन यंत्रणांकडून येते आणि दुजोरा मिळाल्यासारखी वाटते. हा धोका फार मोठा आहे.

एक लक्षात घ्या: आयबीला अटकेचे अधिकार नाहीत. नाकाबंदी, गुन्हा नोंदवणं, अटक हे पोलीस किंवा एटीएस (दहशतवादविरोधी पथक) करतात.