तो जातोच, मी गेलोच नाही

‘धाडसाची पुस्तकं वाचून लेकरू उलट जास्तच भित्रं झालंय, वाचन बंद करू का?’ जालना जिल्ह्यातल्या एका आईचा हा प्रश्न. थोड्याफार फरकानं तो बरेच पालक विचारतात. (ओळख पटू नये म्हणून इथे तपशील बदलले आहेत.)

मुलगा सहावीतला. शाळेची सहल देवगिरी किल्ल्यावर गेली आणि तो अंधारीच्या तोंडाशी थबकला. खंदकावरचा पूल ओलांडला की कातळात कोरलेला हा वळणावळणाचा काळोखा मार्ग लागतो. वर चढून येणारा शत्रू आत चाचपडावा म्हणूनच तो तसा केलेला. त्यात वटवाघळांचा उग्र वास. मोठी माणसंही तिथे एकमेकांचा हात शोधतात. हा मात्र सरांपाशी बाहेरच बसून राहिला आणि परतीच्या एसटीत त्याचं नाव ‘अंधाऱ्या’ पडलं.

घरी एक किशोर कादंबरी अर्धी वाचून झाली होती. तिचा तेरा वर्षांचा नायक भुयारात अडकलेल्या मित्राला आणायला निघतो, पण ‘मला हे जमायचं नाही’ हा विचार त्याची पाठ सोडत नाही. मुलानं पुस्तक नेमकं तिथेच मिटलं. कारण विचारल्यावर म्हणाला, “त्याला बी भेव वाटतं, पण तो जातोच. मी गेलोच नाही.”

मोठ्यांना वाटतं, नायकही घाबरतो हे कळलं की मुलाला धीर येईल. इथे उलटं झालं. आधी ‘मला भीती वाटते, म्हणून नाही गेलो’ एवढं तरी कारण त्याच्या हाती होतं, तेही नायकानं काढून घेतलं. घरचे त्यात भर घालत होते: “बघ, तो तुझ्याच वयाचा!” नायकाचा असा छडीसारखा वापर आधी थांबवायला सांगितला. पुस्तक बंद करायची गरज नव्हती.

उलट तेच प्रकरण पेन्सिल घेऊन पुन्हा वाचायला दिलं. काम एकच: नायकाला काय वाटतं ते सोडून द्यायचं आणि तो हातापायानं जे जे करतो त्याखाली रेघ मारायची. रेघा निघाल्या त्या अशा. तो खाली बसतो. कमरेला दोर बांधतो. दुसरं टोक मैत्रिणीच्या हातात देतो. पावलं मोजतो. वळणापर्यंत जाऊन परत येतो आणि पुन्हा आत शिरतो. ‘परत येतो’ ही ओळ मुलाच्या ध्यानातच नव्हती. घाबरलेला वाचक शेवटाकडे धावतो, मधल्या कृती त्याच्या नजरेतून सुटतात.

याला अभ्यासाचाही आधार आहे. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड मायकेनबॉम यांनी १९७१ मध्ये सापाच्या भीतीवर केलेल्या प्रयोगात, मुळीच न घाबरणाऱ्या माणसापेक्षा आधी घाबरून मग स्वतःला सावरणारा माणूस पाहिल्यानं लोकांची भीती जास्त कमी झाली. पण सावरणं दिसायला हवं. लेखकानं ते दोन ओळींत उरकलं असेल, तर ते शोधून दाखवावं लागतं.

मग त्या रेघांवरून मुलाची स्वतःची शिडी केली. भीतीला ० ते १० आकडा द्यायचा. घरातली धान्याची खोली, दिवा चालू, दार उघडं: २. दिवा बंद, दार उघडं, आई उंबऱ्यात: ४. दार लोटलेलं, आई ओसरीवर: ६. एकट्यानं, दार लोटून, पाच मिनिटं: ८. रोज पंधरा मिनिटं, एकच पायरी. आकडा निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबायचं, कारण आकडा चढलेला असताना पळालं की ‘पळालो म्हणून वाचलो’ एवढंच मन शिकतं. सलग दोन दिवस आकडा ३ किंवा त्याखाली राहिला की पुढची पायरी. श्वास चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. मोबाइलचा टॉर्च सुरुवातीला चालेल, पण चौथ्या पायरीवर मात्र तो बाहेरच ठेवायला हवा, नाहीतर सगळं श्रेय टॉर्चला जातं.

घोळ दुसऱ्या आठवड्यात झाला. ‘एकदाच काय ते होऊन जाऊ दे’ म्हणून वडिलांनी पोराला आत ढकलून बाहेरून कडी लावली. आकडा थेट ९ वर गेला आणि दुसऱ्या दिवशी दिवा चालू असतानाही तो आत जाईना. दोन पायऱ्या मागे यावं लागलं. शिवाय दाराची कडी आता मुलाच्या बाजूला, हा नवा नियम ठरला. पायरी कधी चढायची ते मुलानंच ठरवायचं. मोठ्यांनी चढवलेल्या पायरीनं ‘मला जमलं’ हा हिशेब लागत नाही.

वडिलांचं आणखी एक म्हणणं होतं. शेतीची वीज रात्री येते, तेव्हा पोरानं मोटार चालू करून दाखवावी, म्हणजे तो धीट झाला. याला स्पष्ट नकार दिला. रात्रीच्या बांधावर घोणस, मण्यार असते आणि ओल्या हातानं स्टार्टरला हात लावला तर शॉक बसतो. तिथली भीती बरोबर आहे, ती घालवायची नसते. मोठ्या माणसानंसुद्धा बूट, बॅटरी आणि काठी घेतल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

शाळेतलं नाव मात्र शिडीनं जात नाही. वर्गशिक्षकांशी आईनंच बोलायचं ठरलं. सरांनी वर्गात भाषण न देता, नाव पाडणाऱ्या दोघांना बाजूला घेऊन समज द्यावी, एवढीच विनंती होती. सर्वांसमोर विषय काढला की टोपणनाव पक्कं होतं.

महिन्याभरात खोलीतला आकडा २ वर आला. अंधारी बाकी आहे. ती दिवाळीच्या सुट्टीत मामासोबत करायची, पहिल्या वळणापर्यंत जाऊन परत यायचं, असं मुलानंच वहीत लिहिलंय. कादंबरी पुढे वाचायला सुरुवात झाली आहे.

भीती सहा महिन्यांहून जास्त टिकली, झोप किंवा शाळा बुडू लागली, किंवा मूल अंथरूण ओलं करू लागलं, तर घरच्या शिडीवर विसंबू नये. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दाखवावं. १४४१६ या टेली मानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येतं.