वाचकांचे प्रश्न : सायकलवाले एकत्र आले, आता अर्ज कुठं द्यायचा?

कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून सायकल आणि रस्ता या विषयावर आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही बाराजण रोज सायकलवरून शिरोली एमआयडीसीत कामाला जातो. महामार्गाच्या सेवा रस्त्याची कड तुटली आहे, रात्री उजेड नसतो. ग्रुप केला, सह्या गोळा करून महापालिकेत निवेदन दिलं. दोन महिने झाले, साधं उत्तर नाही. आमचं काय चुकलं?
– एक कामगार, उचगाव

उत्तर : दोन गोष्टी चुकल्या. एक म्हणजे दार चुकलं. पुणे-बेंगळुरू महामार्गाचा सेवा रस्ता महापालिकेकडे नसतो, तो राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. तिथल्या तातडीच्या तक्रारीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. रस्ता कुणाचा ते कडेच्या किलोमीटरच्या दगडावरून कळतं. दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग. शहरात दगड सापडत नाहीत. तिथं महापालिकेच्या विभागीय कार्यालयात आधी विचारून घ्या, कारण काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात.

दुसरं म्हणजे ‘रस्ता खराब आहे’ एवढ्यावर कुठलाही अभियंता काही करू शकत नाही. त्याला जागा आणि माप लागतं. सगळा रस्ता एकदम धरू नका, सर्वांत वाईट पाचशे मीटर निवडा. सुट्टीच्या दिवशी सकाळी तिघांनी टेप, खडू आणि मोबाइल घेऊन चालत जायचं. डांबराची कड खालच्या मातीपासून किती उंच आहे ते पट्टी उभी धरून मोजा आणि पट्टी दिसेल असा फोटो काढा. कड पाच सेंटीमीटर असली तरी सायकलवाला पडतो. खाली उतरलेलं चाक तिरकं वर घेताना टायर कडेला घासत राहतो, वर चढत नाही, आणि माणूस उजवीकडे, म्हणजे गाड्यांच्याच बाजूला कोसळतो. हे कारण अर्जात लिहा. चारचाकीतून फिरणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही.

गटारावरच्या जाळ्याही बघा. साध्या २८ इंची सायकलचा टायर दीड इंच रुंद असतो. जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेत असतील आणि चार सेंटीमीटरच्या वर असतील, तर चाक सरळ आत जातं. जाळी आडवी फिरवून बसवायला खर्च असा काही नाही, त्यामुळे ही मागणी पहिल्यांदा मान्य होते. प्रत्येक नोंदीपुढे ‘अमुक किलोमीटरच्या दगडापासून इतके मीटर, पुण्याकडे जाताना डावी बाजू’ असं लिहा.

मग मोजणी. पाळी सुटायच्या आणि भरायच्या वेळेला दोन तास, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने पाडून, जाणाऱ्या सायकली मोजा. कामगार, शाळकरी मुलं, दुधाच्या किटल्या घेऊन जाणारे आणि व्यायामाला निघालेले असे चार भाग करा. हेल्मेटवाले रविवारी पन्हाळ्याला जातात, ते ग्रुपमध्ये जरूर असावेत. पण रोज अंधारात घरी परतणारा माणूस ग्रुपमध्ये नसेल तर तुमची यादी अर्धीच राहील.

पडल्याची आणि थोडक्यात वाचल्याची एक वही ठेवा : तारीख, वेळ, जागा, कशामुळे. कारण सरकारी व्याख्येत ‘अपघातप्रवण स्थळ’ ठरायला साधारण पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, नाहीतर दहा मृत्यू लागतात. गुडघा फुटून घरी गेलेल्याची नोंद पोलिसांकडे होतच नाही. म्हणून रोज कुणीतरी घसरतं ती जागा त्या यादीत कधी दिसत नाही. ती तुमच्या वहीत दिसली पाहिजे.

अर्ज दोन प्रतींत द्या, एका प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका. आणखी एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्या आणि विषय बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा असं स्पष्ट लिहा. सोबत माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाका : महामार्ग प्राधिकरण केंद्राचं, तिथं दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, मजकूर पाचशे शब्दांच्या आत; रस्ता राज्याचा किंवा महापालिकेचा असेल तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, विषय एकच. त्यात या रस्त्याच्या कामाचा दोष दायित्व कालावधी कधी संपतो ते विचारा. तो चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं करायची असते, आणि मग ‘निधी नाही’ हे उत्तर चालत नाही. माहिती तीस दिवसांत मिळायला हवी. नाही मिळाली तर पहिलं अपील करा. कोल्हापुरात कृती समिती एका रात्रीत उभी राहते, आवक क्रमांकाची वही मात्र फार थोड्यांकडे सापडते.

प्रश्न : गळीत हंगामात राधानगरी रस्त्यावर संध्याकाळी सायकल चालवायची म्हणजे जीव मुठीत. उसाच्या ट्रॉल्या मागून दिसतच नाहीत. आम्ही सायकलवाल्यांनी कुणाकडे जायचं?
– एक शिक्षिका, हळदी

उत्तर : कारखान्याच्या शेती विभागाकडे, आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी. ट्रॉलीला नियमानं पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल परावर्तक पट्टी लागते. बऱ्याच ट्रॉल्यांना ती असतेही, पण भरलेला ऊस फळीच्या बाहेर लोंबतो आणि पट्टी, दिवा दोन्ही झाकून टाकतो. म्हणून नुसतं ‘रिफ्लेक्टर लावा’ म्हणू नका. भरलेल्या उसाच्या मागच्या टोकाला, दोन्ही कडांना, लाल परावर्तक कापड बांधलेलं असावं आणि ते कारखान्याच्या वजनकाट्यावर तपासावं, अशी मागणी करा. बैलगाडी आणि अंगदलाही (ट्रॅक्टरला जोडलेल्या छोट्या गाडीलाही) तेच हवं. वाहतुकीच्या करारात ही अट घातली तर ती टिकते. डिसेंबरात फोटो काढून पट्ट्या वाटण्याच्या कार्यक्रमानं फार काही होत नाही.

दुसरी मागणी रस्त्यावर राहणाऱ्या दगडांबद्दल. पंक्चर झालेल्या ट्रॉलीमागे चालक दगड लावतो, टायर बदलून निघून जातो आणि दगड तिथंच राहतात. अंधारात सायकलवाल्याला ट्रॉलीपेक्षा ते जास्त घातक. कारखान्यानं प्रत्येक ट्रॅक्टरला परावर्तक त्रिकोण द्यावा.

सायकलवाल्यांनी आपसात सांगायची गोष्ट एकच : दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर वळणावर असताना आतल्या बाजूला शिरायचं नाही. ट्रॅक्टर बाहेरून वळतो, मागची ट्रॉली आतून कापत येते. मुलं चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढतात, त्यांनाही हेच शाळेत फळ्यावर चित्र काढून दाखवा.

प्रश्न : ग्रुपची नोंदणी करावीच लागते का?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : अर्ज द्यायला किंवा मोजणी करायला नोंदणी लागत नाही. वर्गणी, देणगी आणि बँक खातं आलं की मात्र करा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि काम धर्मादाय कार्यालयात होतं. पहिलं वर्ष नोंदणीत घालवू नका.

प्रश्न : मुलांच्या शाळेसमोर गतिरोधक हवा म्हणून पालकांनी मागणी केली. झाला, पण आता सायकलवरची मुलंच त्यावर आपटतात.
– एक पालक, राजारामपुरी

उत्तर : तो गतिरोधक नसून डांबराचा ढीग असणार. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटीमीटर उंच असतो. त्यावरून ताशी २५ किलोमीटर वेगानं आरामात जाता येतं. अरुंद आणि उंच केला की मोटारी फक्त तिथं थांबून पुढे जोरात पळतात, आणि सायकलचं पुढचं चाक उडतं. टेप आडवा धरून रुंदी मोजा. मीटरभर भरली तर फोटोसह ‘मापानुसार पुन्हा करावा’ असा अर्ज द्या, ‘काढून टाका’ असा नको. पांढरे पट्टे आणि आधी सूचनाफलक, हेही त्यातच मागा.

प्रश्न : ग्रुपतर्फे पन्नास कामगारांना दिवे वाटायचे आहेत. कोणते घ्यावेत?
– एक दुकानदार, गांधीनगर

उत्तर : पैसे थोडे असतील तर पुढच्या दिव्याआधी मागचा लाल दिवा घ्या. तो सीटखाली लावू नका. कामगाराच्या कॅरिअरवर डबा, पिशवी, कधी पोतं असतं आणि दिवा त्यामागे जातो. मडगार्डच्या टोकाला किंवा कॅरिअरच्या मागच्या दांडीला पट्टीनं घट्ट बसवा, तोंड सरळ मागे, जमिनीकडे झुकलेलं नको. चार्जिंगचे दिवे बरे दिसतात, पण आठवड्यात घरी पडून राहतात. साध्या पेन्सिल सेलचे दिवे टिकतात, सेल कुठल्याही टपरीवर मिळतो. शिवाय प्रत्येक पॅडलच्या मागच्या कडेला परावर्तक पट्टीचा तुकडा चिकटवा. वर-खाली हलणारा ठिपका दिसला की चालकाला पुढे सायकल आहे हे लगेच कळतं. चिकटवण्याआधी पॅडल स्पिरिटच्या फडक्यानं पुसून पूर्ण वाळू द्या, नाहीतर पहिल्या पावसात पट्टी सुटते.