झेंडू रंगीत हवा, चेहरा कृष्णधवल

प्रश्न : दसऱ्याच्या आदल्या दिवशी गोदाघाटावर झेंडू विकणाऱ्या एका आजींचा फोटो मोबाइलवर काढला. फक्त झेंडू रंगीत ठेवून बाकी सगळं कृष्णधवल करायचं होतं. ॲपमध्ये केशरी-पिवळा सोडून सगळे रंग शून्यावर आणले, तरी आजींचा चेहरा आणि हात रंगीतच राहिले. हे कसं टाळायचं? छंद म्हणून शिकतेय, घरी संगणक नाही.
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, माणसाची त्वचा गोरी असो वा सावळी, फोटोत ती बहुतेक केशरी छटेतच मोडते. त्यामुळे ‘केशरी ठेव’ म्हटलं की ॲप झेंडूबरोबर आजींचा गाल ठेवणार, आणि तराजूचं पितळही. इथे रंगावरून नाही, जागेवरून निवड करायला हवी.

स्नॅपसीड हे फोटो सुधारण्याचं ॲप मोफत आहे, तेच घ्या. आधी ‘ब्लॅक अँड व्हाइट’ लावा आणि झेंडू विसरून नुसता कृष्णधवल फोटो नीट बघा. तो तसाच आवडला तरच पुढे जा. चेहराच सपाट दिसत असेल तर रंग त्याला तारत नाही. तिथेच रंगीत फिल्टर मिळतात. केशरी फिल्टरने त्वचा उजळते, हिरव्याने गडद होऊन सुरकुत्या उठून दिसतात. आजींसाठी मी हिरवाच निवडेन.

मग ‘व्ह्यू एडिट्स’मध्ये, म्हणजे केलेल्या बदलांच्या यादीत जाऊन ‘ब्लॅक अँड व्हाइट’ या पायरीचा ब्रश उघडा, परिणाम उलटा करून सगळ्या फोटोभर पसरवा, ब्रशचा आकडा (कृष्णधवल परिणाम किती ठेवायचा तो) ० करा आणि फुलांवर बोट फिरवा. फोटो मोठा करत गेलात की ब्रश बारीक होतो. पाकळ्यांच्या कडा तशाच करायच्या, घाई नको.

आता सगळ्यात नाजूक भाग. झेंडूच्या ढिगाचा केशरी उजेड आजींच्या बोटांच्या पेरांवर आणि टोपलीच्या काठावर पडलेला असतो. तो पूर्ण पुसला तर फुलं वरून चिकटवल्यासारखी दिसतात. तिथे आकडा ७५ ठेवून एकदाच हलकं बोट फिरवा, म्हणजे थोडासा रंग उरेल. कपाळावरचं कुंकूही लाल ठेवायचा मोह होईल. ठेवू नका. दोन रंग झाले की नजर दोन्हीकडे धावते, आणि या फोटोत झेंडूच बोलायला हवा.

काम मूळ फोटोवरच करा, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्यावर नाही. जेपीईजीमध्ये, म्हणजे फोटो साठवण्याच्या नेहमीच्या प्रकारात, रंगाचे बारकावे बहुधा उजेडाच्या बारकाव्यांपेक्षा कमी साठवलेले असतात. पुन्हा दाबून लहान केलेल्या फोटोत रंग कडेबाहेर सांडलेला दिसतो आणि तुम्हाला वाटतं, आपलंच बोट घसरलं.

रंगाच्या पट्ट्या सरकवण्याची तुमची पहिली पद्धतही सोडू नका. भाजीबाजारात दुकानांवर निळी ताडपत्री ताणलेली असते, तिचा फोटो घ्या. निळा त्वचेत नसतो, त्यामुळे बाकीचे रंग शून्यावर आणले की माणसं आपोआप कृष्णधवल होतील. भांडी बाजारातली तांब्या-पितळेची भांडी मात्र सध्या राहू द्या. त्यांच्यात समोरच्या प्रत्येक वस्तूचा रंग उतरतो, ते नंतरचं काम.