गूगल स्कॉलरचं प्रोफाइल काढतेयस म्हणून

प्रोफाइल काढ, पण गूगल स्कॉलर, म्हणजे शोधनिबंध शोधायची गूगलची सेवा, पुढ्यात टाकेल ते सगळे पेपर डोळे झाकून घेऊ नकोस. आपल्याकडे 'एस. पाटील' गल्लोगल्ली. खानापूरच्या पाटीलबाईंच्या खात्यात कुणा धातुशास्त्रवाल्या पाटलांची सायटेशन्स (दुसऱ्यांनी त्यांच्या पेपरांचे दिलेले संदर्भ) जमा झाली, तर मुलाखतीत निस्तरता नाकी नऊ येतात. म्हणून आधी ऑर्किड (ORCID) काढ. प्रत्येक संशोधकाची वेगळी ओळख ठेवणारा सोळा अंकी नंबर, फुकट मिळतो. नावाचं स्पेलिंग कायम एकच ठेव. जुने पेपर शोधताना बेळगावची दोन्ही इंग्रजी स्पेलिंगं, Belgaum आणि Belagavi, टाक, कारण 2014 मध्ये अधिकृत नाव बदललं.

एच-इंडेक्सचा बाऊ नको. 2005 मध्ये हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने संशोधकाचं काम मोजायला सुचवलेला आकडा तो. एच 5 म्हणजे किमान पाच-पाच सायटेशन्स असलेले पाच पेपर. एखादा पेपर हजारदा उद्धृत झाला तरी त्यात तो एकच मोजला जातो.

आपल्याच जिल्ह्यातलं बघ. खेड्यांतल्या नर्सबाईंनी बाळंतिणींना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, ती चाचणी 2006 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. असला परिणाम एच-इंडेक्समध्ये दिसत नाही, सीव्हीत दोन ओळींत आपणच लिहायचा.

आणि पेपरवरच्या लेखकांचा क्रम तुमचा सर्व्हे सुरू व्हायच्या आधीच सरांना विचारून ईमेलवर घे. नंतर विचारलं की सगळ्यांचीच तोंडं वाकडी होतात. 'आठ दिवसांत छापतो, फक्त फी भरा' म्हणणाऱ्या जर्नलवाल्यांना तर उत्तरसुद्धा देऊ नकोस.