अडतीस भाग काढले, पण वाचक कुठे आहेत?

प्रश्न : ताई, मी कर्वेनगरला राहते, वय २७. दिवसा हिंजवडीत नोकरी, रात्री कॉमिक. माझी नायिका सुनंदा पुण्याच्या पीएमपी बसमध्ये कंडक्टर आहे, कात्रज ते शिवाजीनगर मार्गावर. चौदा महिन्यांत ३८ भाग झाले. स्वतःची वेबसाइट आहे, इन्स्टाग्रामवरही टाकते. तिथे २१२ फॉलोअर आहेत, त्यातले निम्मे ऑफिसातले नाहीतर नात्यातले. मैत्रीण म्हणते रोज रील टाक, भाऊ म्हणतो पैसे भरून जाहिरात कर, एकाने तर सांगितलं की मराठी सोड आणि इंग्रजीत कर. माझं कॉमिकच वाईट आहे की ते लोकांपर्यंत पोचत नाहीये, हेच मला कळेनासं झालंय. मला तू म्हटलंत तरी चालेल.
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : तुझं पत्र आलं त्याच रात्री मी ३८ भाग सलग वाचले. कॉमिक वाईट नाही. भाग १७ मध्ये सुनंदाकडे सुट्टे नसतात, ती तिकिटामागे ‘५ रु.’ लिहून देते आणि तो म्हातारा पैसे न घेताच पद्मावतीला उतरून जातो. मग ती ते पाच रुपयांचं नाणं तीन दिवस वेगळ्या खिशात ठेवते आणि प्रत्येक थांब्यावर त्याला शोधते. तो भाग वाचून झाल्यावर मला लगेच पुढे जाववलं नाही.

पण मी भाग १७ पर्यंत पोचले ती तुझ्या पत्रामुळे. अनोळखी माणूस कसा पोचेल, तेही मी फोनवर करून पाहिलं. इन्स्टाग्रामच्या मजकुरात दिलेला पत्ता दाबून उघडत नाही, म्हणून आधी तुझ्या प्रोफाइलवर जावं लागलं. तिथली लिंक दाबली तर वेबसाइटचं पहिलं पान आलं, आणि त्यावर थेट भाग ३८. त्यात सुनंदा डेपोत कुणाशी तरी भांडतेय. ती कोण, तो कोण, काहीच सांगितलेलं नाही. भाग १ शोधायला तळापर्यंत जावं लागलं. एवढे कष्ट मी घेतले, कारण तुला उत्तर द्यायचं होतं. बसची वाट बघत उभा असलेला माणूस तेवढे घेणार नाही. तेव्हा जाहिरातीचा विचार नंतर. आधी प्रोफाइलची लिंक थेट ‘इथून सुरुवात करा’ या पानावर ने. त्या पानावर सुनंदाची ओळख दोन वाक्यांत, खाली भाग १, आणि त्याच्या शेजारी भाग १७.

दुसरी गोष्ट अक्षरांची. तू पान आडवं काढतेस, ए-फोर धरून. फोनवर ते बोटभर उंचीचं होतं आणि संवादांचे फुगे वाचताच येत नाहीत. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांना जागा लागते, त्यामुळे रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या फुग्यात आपल्या ओळी एकमेकींवर चढतात. भाग ९ मध्ये ‘पुढे सरका’मधला उकार फुग्याच्या रेघेत गेलाय. इन्स्टाग्रामसाठी १०८० बाय १३५० पिक्सेलची उभी चौकट धर, एका चौकटीत एक, फार तर दोन प्रसंग ठेव. एका पोस्टमध्ये २० चित्रं बसतात, तेव्हा कोंबायची गरज नाही. वेबटून कॅनव्हासवर, म्हणजे कुणालाही आपलं कॉमिक टाकता येतं त्या साइटवर, जायचं असेल तर तिथे ८०० पिक्सेल रुंदीची उभी पट्टी लागते, म्हणजे त्याच चौकटी एकाखाली एक लावून तुला तोच भाग तिथे देता येईल. आणि चित्रातले संवाद वेबसाइटवर प्रत्येक भागाखाली युनिकोडमध्ये टाइप करून ठेव. शोधयंत्र चित्रातली अक्षरं वाचेलच, यावर विसंबता येत नाही. ‘कंडक्टर सुट्टे पैसे’ असं मराठीत शोधणाऱ्याला तू सापडायला हवीस. ज्यांना दिसत नाही, त्यांचा फोनही तो मजकूर वाचून दाखवेल.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मराठी वाचक मला सगळ्यात जास्त तिथेच भेटले. मंडईतल्या भाजीवाल्या मावशींवरची माझी कॉमिक मालिका चालू होती तेव्हा एक पट्टी खूप फिरली. इतकी, की माझ्या सख्ख्या आत्याने ती मलाच पाठवली, ‘बघ किती छान’ म्हणून. पण खालची नावाची पट्टी कुणीतरी कापलेली होती. शेकडो लोकांनी वाचली असेल, आणि माझ्याकडे एकही आला नाही. मला फार लागलं ते. त्यानंतर मी नाव आणि पत्ता चित्राच्या आत घालायला लागले : तराजूच्या पारड्यावर, पोत्यावर, दुकानाच्या पाटीवर. तुझ्याकडे तर बसच आहे! पुढच्या पाटीवर, तिकिटावर, खिडकीखालच्या पत्र्यावर वेबसाइटचा पत्ता लिही. कापायचा तर चित्रच कापावं लागेल.

फॉरवर्ड होण्यासाठी भाग एकटा उभा राहिला पाहिजे. तुझी कथा सलग आहे, ती तशीच राहू दे. पण दर चार-पाच भागांनंतर एक असा कर, की मागचं काहीही माहीत नसलेल्या माणसालाही तो पूर्ण वाटेल. भाग १७ तसा आहे.

आता तुझ्या तीन सल्लागारांचं. रोज रील नको. रोज रील करशील तर कॉमिक कधी काढशील? आठवड्यातून एकदा, एखादी चौकट काढतानाचं अर्ध्या मिनिटाचं चित्रण पुरे. पैसे भरून जाहिरात आत्ता नकोच, कारण आलेला माणूस भाग ३८ च्या भांडणात हरवून परत जाईल. आणि इंग्रजीचं म्हणशील तर ‘ओ दादा, आत सरका, आत जागा आहे’ हे सुनंदा इंग्रजीत म्हणणार कशी? हवं तर एखाद्या भागाची इंग्रजी प्रत वेगळी कर, पण मूळ मराठीच ठेव. असं मराठी कॉमिक फार कमी जण काढतायत.

त्यापेक्षा नियमितपणा पाळ. फेब्रुवारीनंतर तू अडीच महिने गायब होतीस. ‘चिंटू’ १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ती छोटी पट्टी पेपर उघडला की तिथे असायचीच, म्हणून घराघराला तिची सवय लागली. तुला रोज जमणार नाही, जमवूही नकोस. महिन्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, आणि तीन भाग कायम हाताशी तयार. नोकरीत गडबड झाली की ते तीन भाग तुला वाचवतील.

आणि जरा घराबाहेर पड. ए-फोर कागद तीनदा दुमडला, मध्ये एक काप दिला की आठ पानांची चिमुकली पुस्तिका होते. भाग १७ तिच्यात बसव, मागच्या पानावर क्यूआर कोड टाक आणि अप्पा बळवंत चौकात झेरॉक्स मारून पन्नास प्रती काढ. त्या पहिल्यांदा कंडक्टर बायकांना दे. कात्रजला, स्वारगेटला, त्यांची पाळी संपायच्या वेळेला जा. चुकलंय काय ते त्याच सांगतील, आणि आवडलं तर त्यांच्या ग्रुपवर टाकतीलही. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरला तर तिथे शंभर प्रती घेऊन जा. दिवाळी अंकांनाही पाठव, पण उन्हाळा संपता संपताच. गणपतीनंतर पाठवशील तर बहुतेकांची पानं लागलेली असतात. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने सुरू केलेल्या या परंपरेत चित्रांवर प्रेम करणारा वाचक आजही आहे, आणि तो अंक विकत घेऊन वाचतो.

फॉलोअर मोजणं काही महिने बंद कर. भाग १ उघडणाऱ्यांपैकी किती जण भाग ३ पर्यंत जातात, तेवढंच वेबसाइटवर बघ. पहिल्याच भागात बरेच जण गळत असतील तर तो पुन्हा काढ. चौदा महिन्यांत तुझा हात खूप सुधारलाय, भाग १ मधल्या सुनंदाला अजून मानसुद्धा नीट नाही.

भाग १७ ची उभी प्रत झाली की मला पाठव. माझी भाची रोज कात्रजहून बसने कॉलेजला जाते, पहिली मी तिलाच पाठवणार आहे.