इंग्लंडमधल्या एखाद्या लहानशा खेड्याचा इतिहास आणि तिथली बघण्यासारखी ठिकाणं सांगाल का?

मी ईमचं नाव घेईन. डर्बीशरमधलं, पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांतलं, जेमतेम हजारेक वस्तीचं गाव. शेफील्डहून जवळ आहे, पण घाईत उरकू नका.

१६६५ च्या उन्हाळ्याअखेरीस इथल्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचं गाठोडं आलं. त्यातून प्लेगच्या पिसवा आल्या असं मानतात. शिंप्याच्या हाताखालचा जॉर्ज व्हिकर्स ७ सप्टेंबरला दफन झाला, आणि मग घराघरांतून माणसं जाऊ लागली. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात आला, तो हाच रोग. तिथे निर्बंध सरकारने लादले. ईमने मात्र जून १६६६ मध्ये स्वतःहून वेस बंद केली: रोग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून कुणीही बाहेर पडायचं नाही. नोव्हेंबरपर्यंत २६० माणसं गेली असं सांगतात.

श्रेय बहुतेकदा तरुण रेक्टर, म्हणजे गावच्या चर्चचे प्रमुख पाद्री, विल्यम मोंपेसन यांना मिळतं. मला थॉमस स्टॅनली तितकेच मोठे वाटतात. ते आधीचे धर्मगुरू. चर्चमध्ये ठरवून दिलेलीच प्रार्थना म्हणायची हा १६६२ चा कायदा मानला नाही म्हणून त्यांचं पद गेलं होतं, पण गावाचा जीव त्यांच्यावरच होता. मोंपेसन नवखे, त्यातून तो कायदा मानणाऱ्या बाजूचे. दोघांनी मतभेद गिळून एकत्र शब्द टाकला, म्हणून गावाने ऐकलं. मोंपेसन यांच्या पत्नी कॅथरीन गावातच राहिल्या आणि ऑगस्टमध्ये त्याही गेल्या. त्यांची कबर चर्चच्या आवारात आहे. जवळच आठव्या शतकातला कोरीव सॅक्सन क्रॉस उभा आहे. क्रिकेटवेड्यांनी हॅरी बॅगशॉ या डर्बीशरच्या खेळाडूची कबरही शोधावी: दगडावर उडालेले स्टंप आणि पंचाचं वर गेलेलं बोट कोरलंय.

स्टोनी मिडलटनच्या वाटेवरचा सीमेचा दगड चुकवू नका. त्याला सहा खळगे आहेत. पैशांतून रोग जाऊ नये म्हणून त्यांत व्हिनेगर भरून गावकरी पैसे ठेवायचे, बाहेरचे लोक धान्य ठेवून ते उचलायचे. आज त्या खळग्यांच्या कडा हात लागून लागून गुळगुळीत झाल्यात.

गावाबाहेर चढावर रायली ग्रेव्हज आहेत, गोल दगडी कुंपणात. एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हातांनी इथे पुरली. मदतीला कुणी येऊ शकत नव्हतं. पाद्र्यांचा निर्णय कुणाच्या जिवावर टिकला ते इथे कळतं.

जमलं तर ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी जा. त्या दिवशी ककलेट डेल्फ या घळीत प्रार्थना होते. संसर्गाच्या भीतीने चर्च बंद ठेवून मोंपेसन तिथेच उघड्यावर प्रार्थना घेत. त्याच सुमारास विहिरींवर फुलांच्या पाकळ्यांची चित्रंही मांडतात. हिवाळ्यात जाणार असाल तर गावातलं म्युझियम उघडं आहे का ते आधी बघून घ्या.